हक्काची होडी

परवा नात फोनवर सांगत होती, "आजी, तुमच्या भागात लांबलांबची माणसं भोरड्यांचे थवे बघायला येतात म्हणे. दुर्बिणी, कॅमेरे, हे एवढाले!" मी म्हटलं, "येऊ देत की. मी बिनदुर्बिणीच्या बघितल्या, माळ्यावर उभी राहून, टाळ्या वाजवत. आणि त्या नादात सासूचा हुरडा घालवला." ती म्हणाली, "म्हणजे? सांग की." पण ती गोष्ट फोनवर सांगायची नव्हे. हसताना कवळी निसटते माझी. म्हणून लिहून काढते.

तर त्या वेळची मी. वय एकोणीस, मॅट्रिक पास, दोन वेण्या, आणि तोंडात सारखं "आमच्या सोलापुरात". लग्न होऊन वळसंगच्या पुढच्या एका खेड्यात आले. अक्कलकोटच्या रस्त्याला लागले, पण अक्कल काही लागली नव्हती. पहिल्याच आठवड्यात उंच टाचेच्या चपला घालून रान बघायला निघाले. काळी माती ती! टाच रुतली. पाय वर आला, चप्पल तिथंच राहिली. मग हे वाकले आणि दोन्ही हातांनी मुळा उपटावा तशी त्यांनी ती उपटून काढली. मी नाक उडवून म्हणाले, "आमच्या सोलापुरात रस्ते असतात." हे म्हणाले, "व्हय, आमच्यात ज्वारी असते." मला त्यातलं काही कळलं नाही. ज्वारी काय, दुकानात मिळते, असं माझं ज्ञान.

सासूबाई मैंदर्गीकडच्या. त्यांना हे अव्वा म्हणायचे, मी आत्या. बोलायच्या मराठीच, पण राग आला, घाई झाली किंवा लाड आले की कानडी सुटायची. मला कानडी ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही असं कबूल करणं म्हणजे कमीपणा. त्या मला येता-जाता "हुच्ची" म्हणायच्या. मी पीठ सांडलं, हुच्ची. मी शेळीला घाबरून कणगीवर चढले, हुच्ची. मला वाटलं, चिऊ, सोनी, तसं काहीतरी असेल. माहेरी पत्रात लिहिलं सुद्धा, "आत्या मला प्रेमानं हुच्ची म्हणतात." तीन महिन्यांनी कळलं की हुच्ची म्हणजे खुळी.

आता मुद्द्याचं. संक्रांत जवळ आली होती आणि माझा सगळा जीव गड्ड्यात अडकला होता. गड्डा म्हणजे संक्रांतीला सोलापुरात भरते ती मोठी जत्रा. पाळणे, बांगड्या, चुरमुरे, आणि त्यात मला तळ्यातल्या होडीत बसायचं होतं. लहानपणी एकदाच बसले होते, आणि सासरी मात्र असं सांगत होते की जशी मी नावाड्याचीच पोर. "आत्या, होडी अशी हलते, आत्या, पाणी असं उडतं." त्या भाकरी थापत ऐकायच्या. शेवटी एक दिवस म्हणाल्या, "गड्ड्याला जायचंय न्हवं? मग आदी हुरड्याची राखण कर. विहीण येणार हाय, हुरडा खायला. ती जेवून खूश होऊन गेली की तू मोकळी. न्हायतर बस हितंच, चुलीपुढं."

विहीण म्हणजे माझ्या नणंदेची सासू. नणंदेचं लग्न नुकतंच झालेलं, त्यामुळे विहिणीचा पहिला हुरडा म्हणजे घरच्या इभ्रतीचा प्रश्न. बाकीचं रान अजून निसवत होतं, कणसं नुसती डोकावत होती. हुरड्यासाठी म्हणून विहिरीकडेला चार ओळी गोड ज्वारी आधी पेरली होती, तेवढीच दाण्यात आलेली. बोटानं दाबलं की दूध निघायचं. त्या चार ओळींवर माझा गड्डा टांगलेला.

ह्यांनी चार मेढी रोवून माळा बांधून दिला, वर चढायला फळ्या ठोकल्या, गोफण फिरवायला शिकवली. शिकवली म्हणजे काय, पहिला दगड मागं गेला आणि पाण्याच्या घागरीला लागला. दुसरा कुठं गेला ते आजतागायत कळलेलं नाही. तिसऱ्याला हे आपणहून बांधाआड जाऊन बसले आणि तिथून ओरडले, "आता मार!"

पण खरं सांगू? दोन दिवसांत मला तो माळा आवडायला लागला. कुणाला सांगितलं नाही, तोंड वाकडंच ठेवलं. सकाळी धुकं विहिरीतून वर यायचं. ज्वारीच्या पानांवरचं दव ऊन लागलं की टपटप गळायचं, जणू सगळं रान गुपचूप टाळ्या वाजवतंय. वाऱ्याचा झोत एका टोकाला शिरला की दुसऱ्या टोकाला बाहेर पडेपर्यंत ताटं ओळीनं वाकून मुजरा करायची, आणि वर मी बसलेली, पाय हलवत, बोरं खात, बिया टिपून कावळ्यांना मारत. घरात सगळ्यांत धाकटी सून, आणि इथं मी सगळ्यांत उंच! चपला तर पहिल्याच दिवशी काढून मेढीला अडकवल्या होत्या.

विहीण यायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या आल्या. भोरड्या. मी आयुष्यात तसं काही बघितलं नव्हतं. आधी वाटलं धुरळा आहे. मग धुरळा वळला. चादरीची दोन टोकं धरून कुणी आभाळात झटकावी तशी लाट गेली या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत आली, गोळा झाली, फुटली, पुन्हा गोळा. जवळ आल्या तेव्हा रंग दिसला: अंग गुलाबी, डोकं काळंभोर. नव्या नवऱ्या घाईनं हळदीकुंकवाला निघाल्यागत किलबिलाट. मी गोफण खाली ठेवली आणि टाळ्या पिटत माळ्यावर नाचायला लागले. आठवं आश्चर्य!

तेवढ्यात बांधावरून आत्यांची आरोळी आली. शेण थापता थापता उठून पळत सुटलेल्या, हात वर केलेले.

"हक्की होडीऽ! हक्की होडीऽऽ!"

मी ऐकलं ते असं: हक्काची होडी!

आता बघा त्या शहाणीचं डोकं कसं चाललं. आठ दिवस मी होडी होडी करत होते. आत्यांना दया आली. दुपारची एसटी यायची वेळ आहे. त्या मला पळत सांगायला आल्यात की जा पोरी गड्ड्याला, बस होडीत, तुझ्या हक्काची आहे!

"खरंच आत्या?" मी वरून ओरडले. "आजच?"

"होडीऽऽ! होडी गं हुच्ची!"

"आले, आले!" मी तीन फळ्या सोडून खाली उडी मारली, परकरात पाय अडकला, पडले, उठले, आणि दोन्ही हात पसरून आत्यांकडे पळत सुटले. त्या माझ्याकडे पळतायत, मी त्यांच्याकडे पळतेय. मध्ये बांधावर मी त्यांना गच्च मिठी मारली. शेणाचे दोन पंजे माझ्या पाठीवर उमटले. त्या सुटायला धडपडतायत, मी सोडत नाही. "लई चांगल्या आहात हो तुम्ही!" मी म्हणतेय. आणि माझ्या खांद्यावरून त्यांना दिसतंय की अख्खा थवा त्या चार ओळींवर उतरला.

हे पलीकडून डबा वाजवत पळत आले तोवर जेवण आटपून पाहुण्या गेल्या होत्या. ताटं उभी, वर दाणे टिपलेल्या नुसत्या पिशा.

"तुला ओरडत होते तर माळा सोडून पळालीस का गं?" आत्यांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात होडी!"

"कसली होडी?"

मी सांगितलं. हे हळूच म्हणाले, "अगं, हक्की म्हणजे पाखरू. होडी म्हणजे हाण. पाखरं हाण म्हणत होती अव्वा."

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता पडते थोबाडीत. त्यांनी पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, म्हणून मीही भोकाड पसरलं. तर बाई हसत होत्या! बांधावर फतकल मारून, डोळ्यांतून पाणी काढून. "होडी म्हनं! या कोरड्या रानात! हिरीत सोडू का गं होडी?" आणि थोड्या वेळानं हसणं एकदम थांबवून म्हणाल्या, "पर उद्या विहिणीला काय भाजून घालू? तुजं डोकं?"

गड्डा गेला, हे मला तिथंच कळलं. विहिणीपुढं सासूची मान खाली गेली तर ती माझ्यामुळं, हेही कळलं, आणि ते जास्त टोचलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच मी पाटी घेऊन रानात शिरले, उकिडवी, ताटांच्या बुंध्याशी. वाऱ्यानं काही ताटं लोळली होती, त्यांच्यावर पाखराला बसता येत नाही. शिवाय बुडाशी फुटवे होते, उशिरा आलेली एक-एक बोटाएवढी कणसं. चार ओळी मी अशा धुंडाळल्या जशा उवा काढतात. दवानं चिंब झाले, केसांत कोळिष्टकं, कोपरापर्यंत पानांचे चरे. एका सशाशी तोंडाला तोंड गाठ पडली, दोघंही ओरडलो. भूक लागली म्हणून ज्वारीचं ताट सोलून चघळलं, तर इतकं गोड की मी तिथंच मातीत बसकण मारून अजून दोन खाल्ली. ऊन वर आलं तेव्हा पाटी भरली होती. शीग नव्हती, पण भरली होती.

आत्यांनी पाटी बघितली, माझ्याकडे बघितलं. "पावण्यापुरतं हाय," एवढंच म्हणाल्या. "आपण घरच्यांनी हात लावायचा न्हाय. कळलं?"

विहीणबाई आल्या. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजली, हे तळहातावर चोळून दाणे पाखडून देत होते. शेंगाची चटणी, गूळ, दही. विहीणबाई खात होत्या, मी वाढत होते. वाढता वाढता वास नाकात शिरला. विहीणबाई म्हणाल्या, "सूनबाईला पण द्या की वो." मी एक चिमूट घेतली.

काय सांगू! गरम, कोवळा, धुराचा वास, आणि दाताखाली दूध. दुसरी मूठ. तिसरी. आत्या डोळे वटारून कुजबुजल्या, "साकु. साकु!"

आदल्या रात्री ह्यांच्याकडून मी चार कानडी शब्द पाठ केले होते. साकु म्हणजे पुरे, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी भोळा चेहरा केला आणि विहीणबाईंना मोठ्यांदा म्हणाले, "आत्या म्हणतायत चाखू, चाखू. आत्या, चाखतेय की हो!" आणि चौथी मूठ.

विहीणबाईंनाही कानडी येत होतं. त्यांचा ठसका माळ्यापर्यंत गेला. मग होडीची गोष्ट निघाली, ती आत्यांनीच सांगितली, नकलेसकट. विहीणबाई लोळायच्या बाकी होत्या. जाताना म्हणाल्या, "हुरडा थोडका होता, पर एवढी कवा हसले न्हवते बाई." आत्यांनी त्यांना वाटेला लावलं, परत आल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सकाळच्या गाडीनं जा."

सकाळची गाडी माझी चुकली. विहिरीकडच्या बांधाला थोडी कोवळी ताटं राहिली होती, ती एकदा चघळून यावं म्हटलं. दुपारच्या गाडीनं सोलापूर गाठलं. दारात आईनं मला बघितलं: पायाला भेगा, पातळाला कुसळं, केसांत ज्वारीचा भुसा, हातांवर चरे. तिचे डोळे भरले.

"फार राबवतात का गं तुला तिथं?"

हीच वेळ होती. चार दिवस लाडू, तेलपाणी, अंथरुणावर चहा, सगळं समोर दिसलं मला. मी मान खाली घातली, एक हुंदका काढला आणि बोलले, "व्हय. लई."

आईचा हात तोंडावर गेला. "अगंबाई!" ती वडिलांना हाक मारत आत पळाली. "अहो, ऐकलंत का? आपली पोर व्हय म्हणते!"

लाडूंचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.