एका हाताची साक्ष

भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा माझ्या नवऱ्याच्या कचेरीतले बरेच लोक गोंदियाकडे गेले आणि नवऱ्याची बदली लाखनीला झाली. सासूबाईंना घेऊन आम्ही तिथं भाड्याच्या घरात राहायला आलो. लाखनीत आमच्या ख्रिस्ती मंडळीची घरं अगदी थोडी. दर रविवारी टायरच्या दुकानामागच्या एका खोलीत उपासना व्हायची. गाणी झाली की पाळकसाहेब विचारायचे, "आज कोणाला साक्ष द्यायची आहे?"

साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. कोणाचा न उतरणारा ताप उतरला होता, कोणाची दारू सुटली होती, कोणाच्या पोराला नोकरी लागली होती. मी सगळ्यांबरोबर "आमेन" म्हणायची आणि खाली बघत बसायची. लाखनीला येण्याच्या आदल्या हंगामात, लाखांदूरजवळच्या माझ्या माहेरी धान चुरायच्या मळणी मशीनमध्ये माझा उजवा हात सापडला होता. डॉक्टरांनी तो वाचवायचा प्रयत्न केला. आम्ही उपास केले, प्रार्थना केल्या. शेवटी मनगटाच्या वरून कापावाच लागला. असल्या गोष्टीची साक्ष काय देणार?

आमच्या भिंतीला भिंत लागून एक बौद्ध कुटुंब राहायचं. त्यांची थोरली मुलगी कॉलेज संपवून एका राईस मिलमध्ये कामाला जायची. हसरी, तोंडाची फटकळ. एकदा तिची ओढणी मशीनच्या पट्ट्यात अडकली. सोडवायला गेली आणि हात आत ओढला गेला. माझ्यासारखाच, उजवा.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करून तिचाही हात कापावा लागला. काही दिवसांनी तिची आई घरी कपडे न्यायला आली, ती सरळ आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, तुमी येता का माह्यासंगं? पोरगी भितीकडं तोंड करून पडली हाय. जेवत नाई, बोलत नाई. तुमाले पाहून काही बोलन तं बोलन."

मला जायचं नव्हतं, खरं सांगते. त्या वॉर्डचा वास मला ठाऊक होता. पण सासूबाई आतून म्हणाल्या, "जा. तुझ्याइतकं तिले कोण समजन?" मी चप्पल घातली आणि शेजारणीबरोबर एसटीत बसले.

मुलगी खरंच भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी स्टुलावर बसले आणि मंडळीत ऐकलेलं तसंच सुरू केलं, की प्रभू सगळं चांगलं करतो, धीर धर.

ती वळली. डोळे सुजलेले.

"काकू, तुमच्या देवानं तुमचा हात वापस देल्ला काय?"

"नाही."

"मंग काय चांगलं केलं?"

तिची आई ओशाळली. "असं बोलते का कोणाले!" मी म्हटलं, बोलू द्या. कारण हाच प्रश्न मी स्वतः किती वेळा विचारला होता, आणि आजवर कोणी तो मला मोठ्यानं विचारला नव्हता.

मग मी तिला ठरवून काही सांगितलं नाही. जसं झालं तसं सांगत गेले. हात गेल्यावर मी प्रार्थना सोडली होती. घरात सगळे डोळे मिटायचे आणि मी उघड्या डोळ्यांनी बसून राहायची. एकदा सासूबाईंनी विचारलं, "काहून, तू हात नाही जोडत?" मी चिडून म्हटलं, "कशाला कशाशी जोडू, आई? जोडायला दुसरा आहे का?" त्या उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या आणि आपला तळहात माझ्या डाव्या तळहाताला लावला. दोघींचा एकेक. म्हणाल्या, "घे, जुळले. आता बोल त्याच्याशी." मी नुसती रडले. पण त्या घटकेला मला आतून कळलं, की तो मला सोडून गेलेला नाही. माझ्या रागाचंही त्याला काही वाईट वाटलेलं नाही.

"एवढंच," मी मुलीला म्हटलं. "हात परत आला नाही. मी परत आले."

ती छताकडं बघायला लागली. मला वाटलं, झालं, आता परत भिंतीकडं वळणार. तेवढ्यात तिनं हळूच विचारलं, "काकू, सलवारीची नाडी कशी बांधतात एका हातानं?"

"नाडी कायले बांधते? रबर घाल!" मी म्हटलं.

ती हसली. तिची आई हसता हसता रडायला लागली. मग केस कसे विंचरायचे, पोळी कशी लाटायची, सही कशी गिरवायची, सगळं निघालं. दुपारी ती भातही थोडा जेवली.

ती घरी आली तेव्हा बौद्धांचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू होता. संध्याकाळी विहारात बायका जमायच्या. तिची आई मला म्हणाली, "तुमी दवाखान्यात सांगतलं ते आमच्या बायांले सांगा नं." मी घाबरले. म्हटलं, तुमच्या विहारात मी माझ्या प्रभूचं नाव कसं घेऊ? ते सोडून सांगते.

"सोडता काहून? तुमच्यासंगं जसं झालं तसं सांगा. आमी आमचं आमी पाहून घेऊ."

वंदना झाल्यावर मी उभी राहिले आणि नाव घेऊन सांगितलं. कोणी तोंड वाकडं केलं नाही. एका म्हातारीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या गेलेल्या लेकाची गोष्ट सुरू केली. मग दुसरी बोलली. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो होतो.

त्यानंतरच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मी उठले. आधी लोकांसमोर बोलून झालं होतं म्हणून या वेळी सोपं गेलं. सासूबाई पुढच्या रांगेत होत्या. त्यांना आपली गोष्ट येणार हे माहीत नव्हतं. बोलणं संपल्यावर त्या रागावल्या, "मले पुसलं तरी असतं, चांगलं लुगडं नेसून आली असती."

शेजारची मुलगी आता लाखनीतच एका औषधांच्या दुकानात काम करते. गोळ्यांची पाकिटं डाव्या हातानं अशी झपझप काढते, की गिऱ्हाईक बघत राहतं. ती तिच्या विहारात जाते, मी माझ्या उपासनेला. सुटीच्या दिवशी येते आणि ओट्याशी उभी राहून वाद घालते.

"काकू, तो एवढा चांगला हाय तं हात जाऊच कायले देल्ला?"

"मलाही नाही कळलं, बाई," मी म्हणते. "कळलं की तुला आधी सांगीन."

"सांगजा," ती म्हणते, आणि चहात साखर आपणच घालून घेते.