गफूर रंगाऱ्याचे हात

गफूर गेल्याची बातमी मला जऊळक्याच्या स्टेशनात कळली. मी तिथे तिकिटांच्या खिडकीवर बसतो. कारंज्याचा एक कापडवाला तिकीट घेता घेता सहज म्हणाला, "बाबूजी, तुमचा तो रंगारी दोस्त गेला. मातीबी झाली त्याची." मागे रांग होती. मी त्याला तिकीट दिलं, पुढच्याला दिलं... गाडी निघून गेली आणि मग मी खिडकी लावून घेतली. या गोष्टीला महिना होऊन गेला. भेटणारे म्हणतात, साधा कारागीर होता, सुखानं गेला. तो सुखानं गेला नाही. ते सांगणारा आता मीच उरलो आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

कारंज्याच्या शाळेत आम्ही दोघं सातवीपर्यंत एका तरटपट्टीवर बसलो. गफूरचे अब्बा आणि दोन थोरले भाऊ निळीच्या रांजणात लुगडी, पागोटी बुडवायचे. तिघांचेही हात कोपरापर्यंत निळे, कितीही धुतले तरी निळेच. गफूरचे हात मात्र स्वच्छ होते. हा पोरगा सातवी पास होऊन मास्तर होणार असं अब्बांनी ठरवून टाकलं होतं, आणि त्याला ते रांजणाजवळ फिरकू देत नसत. घरची सगळी एका ताटात जेवायची, पण गफूरला वेगळं ताट. निळी बोटं त्याच्या घासाला लागायला नकोत. भाऊ त्याला 'साहेब' म्हणत. सुरुवात चेष्टेत झाली, पुढे त्यात चेष्टा उरली नाही. मला त्या ताटाचा हेवा वाटायचा, कारण आमच्या घरी माझ्याकडून कुणाला कसलीच आशा नव्हती. एकदा तसं बोलून गेलो, तर म्हणाला, "तू जेवून पाह्य त्याच्यात. घास उतरत नाई."

शाळेत तरी सुख असावं, तर तेही नाही. आमच्या मास्तरांची रीत अशी की, ज्याला उत्तर येईल त्यानं न येणाऱ्यांच्या थोबाडीत द्यायची. गफूर हुशार, त्यामुळे हे काम रोज त्याच्याच गळ्यात. माझ्यासमोर आला की तो गालाला नुसता हात टेकवायचा. मग मास्तर त्याला जवळ बोलावून, थोबाडीत कशी मारतात ते त्याच्याच गालावर दाखवायचे. मी कुजबुजायचो, "मार ना लेका जोरात. तुह्या हाताले का झालं?" तो म्हणायचा, "माह्यानं होत नाई, शंकऱ्या." मुलं फिदीफिदी हसायची. घरात साहेब आणि वर्गात हसं... आपण नक्की कोणात मोडतो, हे त्या पोराला कधी कळलंच नाही.

सातवीच्या परीक्षेला अकोल्याला जायचं होतं. हेडमास्तर आम्हाला घेऊन निघाले. कारंज्याच्या स्टेशनावर गफूरचे अब्बा आले, ते भर उन्हाळ्यात अंगावर पांढरी चादर लपेटून. हेडमास्तर त्यांना म्हणाले, "तुमचा मुलगा शाळेचं नाव काढणार." अब्बांचा चेहरा फुलला. पण सलामालासुद्धा त्यांनी हात बाहेर काढला नाही, चादरीतूनच मान लववली. गफूर ते एकटक पाहत होता.

येताना मूर्तिजापूरला गाडी बदलताना त्यानं मला सांगितलं की गणिताचा पेपर त्यानं कोरा दिला.

"काहून?" मी विचारलं.

"अब्बानं हात झाकले ना, पाह्यलं तू? मी पास झालो असतो तं त्याहीले जिंदगीभर झाका लागले असते."

मला त्याचा भयंकर राग आला. आजही तो राग पुरता गेलेला नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं बापाची इज्जत राखायला बापाचंच काळीज फोडलं, आणि हे त्याला समजावून सांगेल असं कुणीच नव्हतं.

निकाल लागला त्या दुपारी अब्बा शाळेतून घरी परतले. गफूर अंगणात रांजणापाशी होता, दोन्ही हात कोपरापर्यंत निळीत बुडवलेले. मीही तिथेच होतो. आता मार बसणार म्हणून मी भिंतीला सरकलो. अब्बांनी मारलं नाही. त्या हातांकडे पाहून म्हणाले, "आता जेव सगळ्यायसंग एका ताटात." गफूर ज्या ताटासाठी झुरत होता ते त्याला असं मिळालं. त्या रात्रीपासून गफूरचं वेगळं ताट अब्बांनी स्वतःला घेतलं आणि मरेपर्यंत त्यातच जेवले. पुढे कित्येक वर्षं बापलेकांनी एका रांजणावर काम केलं, पण अब्बा त्याच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत.

गफूरनं संसार केला, त्याच्या हातच्या रंगाचं नाव झालं. दर दिवाळीला तो माझं पागोटं नव्यानं रंगवून द्यायचा. गेल्या वर्षी त्याच्या पोटात पाणी झालं आणि त्यानं अंथरूण धरलं, ते सुटलं नाही. मी शेवटचा भेटलो तेव्हा तो अब्बांची तीच जुनी चादर गळ्यापर्यंत ओढून पडला होता. त्याचा निळ्या हातांचा मुलगा बाहेर जाईपर्यंत तो थांबला, मग हळूच हात बाहेर काढले. कित्येक महिने रांजणाला न लागलेले ते हात पांढरेफटक पडले होते, नखंसुद्धा.

"पाह्य शंकऱ्या," तो म्हणाला, "अब्बाले पाह्यजे होते तसे झाले."

तेवढ्यात मुलाची चाहूल लागली आणि त्यानं हात घाईघाईनं पुन्हा चादरीत घेतले.

परवा त्याच्या घरी जाऊन आलो. ओसरीच्या खुंटीला ती चादर धुवून टांगली होती. मी पाहतोय हे बघून मुलगा म्हणाला, "चाचा, हे तेवढी आमच्या अब्बानं कधी रंगवू देल्ली नाई. काहून, ते तुमाले मालूम हाये का?"

मी हो म्हणालो आणि त्याच्याजवळ बसलो.