जांघेतून की मनगटातून

मी कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, नर्स म्हणून लागले तेव्हा आमच्या इस्पितळात हृदयाच्या धमनीपर्यंत जायचा एकच रस्ता होता, आणि तो जांघेतून जायचा. उजव्या जांघेत सुई, सुईतून तार, तारेवरून पेन्सिलीपेक्षा बारीक नळी, आणि त्या नळीतून पुढचं सगळं. काम संपलं की सर, म्हणजे आमचे हृदयरोगतज्ज्ञ, हातमोजे काढून बाहेर नातेवाइकांशी बोलायला जायचे. आमचं काम तिथून सुरू व्हायचं. रक्त पातळ करायचं औषध दिलेलं असे. त्याचा असर उतरेपर्यंत काही तास नळी तशीच ठेवायची. मग ती काढायची आणि त्या जागी तीन बोटांनी वीस मिनिटं दाबून धरायचं. घड्याळ बघून वीस. नंतर घट्ट पट्टी, पट्टीवर वाळूची पिशवी, आणि पेशंटला ताकीद: पाय वाकवायचा नाही, कुशीवर वळायचं नाही, खोकला आला तर पट्टीवर हात ठेवून खोकायचं.

इतका वेळ उताणं पडून राहिल्यावर पाठ दुखतेच. "पाठ दुखतेय" हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकायचे, आणि हळूहळू ते मला ऐकू येईनासं झालं होतं.

मी मूळची भंडाऱ्याकडची. नवऱ्याला भोसरीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून पुण्याला आले. इथे येऊन सहा-सात वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच होतं. "काय करून राहिले" म्हटलं की लॅबमधल्या मुली हसायच्या. मी वरवर हसायचे. ते लागायचं.

त्या काळात शहरात सॉफ्टवेअरच्या कंपन्या उघडत होत्या आणि आमच्याकडे येणाऱ्या पेशंटांचं वय खाली येत होतं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला चाळिशीचा माणूस टेबलावर झोपवायची सवय आम्हाला होऊ लागली होती. पण ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्या बाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. शनिवार पेठेत राहायच्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. वजन चाळीस किलोही नसेल. त्यांची एकुलती एक मुलगी खराडीला नोकरी करायची आणि रजा टाकून सोबत आली होती.

बाईंच्या दोन धमन्यांत अडथळा होता. सरांनी एकीत स्टेंट बसवला आणि दुसरीचं काही महिन्यांनी बघू म्हणाले. सकाळी सगळं सुरळीत झालं. दुपारी दोनला मी नळी काढली, वीस मिनिटं दाबलं, पट्टी बांधली. तीन वाजून दहा मिनिटांनी बाईंनी मला हाक मारली.

"अहो सिस्टर, माझी पाठ दुखतेय. कमरेच्या जरा वर, उजवीकडे."

"उताणं झोपून राहिल्या ना आजी, म्हणून दुखून राहिली. सगळ्यांचीच दुखते."

"एक तर मी आपली आजी नव्हे," बाई म्हणाल्या. "दुसरं, 'दुखून राहिली' हे कुठलं मराठी? पाठ दुखते, दुखत आहे, दुखत असते. राहायला ती कुठे गेलेली नाही."

शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ मोठ्याने हसले. मी पट्टी बघितली. कोरडी होती. सूज नव्हती. "ठीक आहे सगळं," असं म्हणून मी टेबलाशी जाऊन कागद भरत बसले. पाठीमागून बाई काहीतरी म्हणाल्या. मी मान वर केली नाही.

दर अर्ध्या तासाने बी.पी. घ्यायचा नियम होता. साडेतीनला मी गेले तेव्हा बाई जांभया देत होत्या, एकामागून एक. कपाळावर घाम होता आणि हात गार. बी.पी.चा वरचा आकडा सत्तर. पट्टी अजूनही कोरडी, पांढरीस्वच्छ.

सर धावत आले. त्यांनी पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही. बाईंच्या ओटीपोटावर उजव्या बाजूला हात ठेवला, तशा त्या कण्हल्या. सर म्हणाले, "आत गेलंय."

सुई जिथे लागायला हवी त्याच्या दोन बोटं वर लागली होती. तिथे धमनी पोटाच्या आत शिरलेली असते. खाली तिच्यामागे मांडीचं हाड असतं, त्यावर दाबता येतं. वर दाबायला मागे काही नसतं. मी वीस मिनिटं प्रामाणिकपणे कातडी दाबत बसले होते आणि रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत साठत होतं. तिथे जागा भरपूर असते. बाहेर एक थेंब दिसत नाही. पेशंट फक्त म्हणतो, पाठ दुखतेय.

पुढचे दोन तास रक्ताच्या पिशव्या, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा असर उतरवायचं इंजेक्शन, सोनोग्राफी यांत गेले. संध्याकाळी बी.पी. शंभरावर आलं आणि टिकलं. ऑपरेशन करावं लागलं नाही. बाईंना अतिदक्षता विभागात हलवलं.

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. सर तिच्याजवळ गेले, मी फाइल घेऊन मागे उभी होते. सरांनी काय झालं ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "असं होऊ शकतं हे आम्हाला सांगितलं होतं का?"

"फॉर्मवर लिहिलेलं असतं."

"फॉर्मवर आहे. मी वाचलाय. सांगितलं होतं का?"

सर तिच्या शेजारी बाकावर बसले. एवढ्या वर्षांत त्यांना कुणा नातेवाइकाशेजारी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. "नाही सांगितलं," ते म्हणाले. "आणि सुई वर लागली. ती मी लावली."

आत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "पाठ दुखतेय असं त्या पहिल्यांदा कधी म्हणाल्या?"

कागदावर ती जागा रिकामी होती. साडेतीन लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना वेळ आठवत नव्हती. मी तीन दहा लिहिलं. सरांनी ते वाचलं, खाली सही केली आणि फाइल परत दिली. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मी बाईंना भेटायला वर गेले. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, पेज संपवत. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं तेव्हाच बी.पी. घ्यायला पाहिजे होतं. मी चिडून गेली होती."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "मी तुमच्या बोलण्यावर बोलले म्हणून?"

"हो."

"वर्गात मीही हेच करायचे," त्या म्हणाल्या. "उलट बोलणाऱ्या मुलाची शंका खरी असली तरी तिकडे दुर्लक्ष करायचे. माझ्या वर्गात कुणी मरायला टेकत नव्हतं एवढंच." मग वाटी बाजूला सारून, "दुखणं सांगायच्या वेळी व्याकरण काढायला नको होतं. ती चूक माझी."

पुढच्याच आठवड्यापासून मी आमच्याकडे एक नियम केला. कुणी पाठ म्हटलं की आधी बी.पी., मग उत्तर.

सर तेव्हा पन्नाशी पार केलेले होते. जांघेतून त्यांनी किती अँजिओप्लास्ट्या केल्या याची मोजदाद नव्हती. शहरातल्या दुसऱ्या एका इस्पितळात त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेले एक डॉक्टर हेच काम मनगटातून करायचे. सर दर गुरुवारी तिकडे जाऊन त्यांच्या मागे उभे राहू लागले, शिकाऊ विद्यार्थ्यासारखे. परत आले की आम्हाला सांगायचे. मनगटातली धमनी अगदी कातडीखाली असते, मागे हाड असतं. रक्त आलं तर डोळ्यांना दिसतं आणि साध्या पट्ट्याने थांबतं. पेशंट तासाभरात उठून बसतो, स्वतःच्या हाताने चहा पितो. पण धमनी बारीक. घाबरली की आवळते.

सुरू करण्याआधी हात तपासायचा असतो. पेशंटला मूठ आवळायला लावून मनगटातल्या दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडायला सांगायची. तळवा पांढरा पडतो. मग करंगळीकडची एक सोडायची आणि तळवा किती लवकर गुलाबी होतो ते बघायचं. म्हणजे उद्या एक धमनी बंद पडली तर दुसरी हात सांभाळेल की नाही ते कळतं. आम्ही आधी एकमेकींचे हात तपासले. त्या आठवड्यात लॅबमध्ये जो येई त्याला मूठ आवळावी लागे, कागद द्यायला आलेल्या कारकुनालासुद्धा.

पहिले काही महिने कठीण गेले. अर्ध्या तासाचं काम दीड तास चालायचं. एक्स-रेपासून वाचवणारे वजनदार शिशाचे अंगरखे घालून आम्ही ताटकळायचो. कधी तार खांद्याशी अडायची, कधी सुईच लागायची नाही. सर घामाघूम व्हायचे आणि शेवटी म्हणायचे, "चला, खालून." मला वाटायचं हे सोडून देतील. त्यांनी सोडलं नाही.

पहिल्या खेपेनंतर दहा महिन्यांनी बाई दुसऱ्या धमनीसाठी आल्या. मुलगी पहिल्याच भेटीत म्हणाली, "या वेळी मनगटातूनच करायचं. तसं लिहून द्या."

"आधी मनगटातूनच प्रयत्न करीन," सर म्हणाले. "लिहून देणार नाही."

मग त्यांनी एका कागदाच्या पाठीवर हात, पाय आणि हृदय काढून दोन्ही रस्ते समजावले. कुठे काय बिघडू शकतं, बिघडलं तर काय करू, सगळं. पंधरा मिनिटं लागली. बाईंनी कागद हातात घेऊन निरखला. "चित्र वाईट आहे," त्या म्हणाल्या, "पण कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना टेबलावर घेतलं. दुसऱ्या प्रयत्नात सुई लागली, नळी कोपरापर्यंत गेली आणि थांबली. बाई दात आवळून म्हणाल्या, "हात कुणीतरी पिळतंय." धमनीने नळीला घट्ट धरलं होतं. ती सैल करायचं औषध दिलं, वाट बघितली. नळी पुढेही जाईना, मागेही येईना.

सरांना मनगटातूनच करायचं होतं. किती करायचं होतं ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. सहायक डॉक्टर हळूच म्हणाले, "सर, जरा जोर लावला तर जाईल."

"जाईल," सर म्हणाले. "धमनी फाडून जाईल."

त्यांनी दोन्ही हात नळीवरून काढून घेतले आणि उभे राहिले. बाईंना गुंगीचं थोडं औषध दिलं, मी दंडावर गरम टॉवेल ठेवला. दहा-बारा मिनिटांनी धमनी सैल पडली आणि सरांनी नळी सावकाश, इंचाइंचाने बाहेर काढली. दुसऱ्या हातातली धमनीही तितकीच बारीक होती. ते टेबलाच्या डोक्याकडे आले.

"बाई, मनगटातून जमत नाही. आज थांबता येईल. किंवा जांघेतून करता येईल, या वेळी डावीकडून."

"तुम्हाला काय वाटतं?"

"जांघेतून करावं. पण मागच्यासारखं नाही."

"मग करा," बाई म्हणाल्या. गुंगीमुळे आवाज जड झाला होता. "मुलीला मात्र तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

सर हातमोजे काढून बाहेर गेले. पाच मिनिटांनी परत आले आणि पुन्हा हात धुतले. तिने दोनच प्रश्न विचारले, एवढंच म्हणाले.

या वेळी त्यांनी अंदाजाने सुई लावली नाही. कातडीवर स्टीलचा चिमटा ठेवून एक्स-रेच्या पडद्यावर मांडीच्या हाडाचा गोळा बघितला, जागा ठरवली, पेनने खूण केली. नळी आधीपेक्षा बारीक घेतली. सुई एकदाच लागली. स्टेंट बसला. दुपारी नळी काढायची वेळ झाली तेव्हा मी ट्रे घेऊन गेले, तर सर आधीच स्टूल ओढून बसले होते. नळी त्यांनी स्वतः काढली आणि स्वतः दाबून बसले. खिशातला मोबाइल दोनदा वाजला. त्यांनी घेतला नाही. वीस मिनिटं झाल्यावर मी घड्याळ दाखवलं, तर म्हणाले, "अजून पाच."

नंतर दर दहा मिनिटांनी मी बी.पी. घेत होते. बाईंनी तोंड उघडलं की आधी मशीन लावायची. तिसऱ्यांदा तसं केल्यावर त्या म्हणाल्या, "सिस्टर, मला फक्त पाणी हवं होतं."

तिसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या. हातावर कोपरापर्यंत निळा डाग होता, तो आठ-दहा दिवसांत गेला असं मुलीने कळवलं. ती निघताना लिफ्टपर्यंत गेली, परत आली आणि सरांकडून तो चित्राचा कागद मागून घेऊन गेली.

आता आमच्याकडे बहुतेक काम मनगटातूनच होतं. माझ्या हाताखालच्या मुलींनी वाळूची पिशवी पाहिलेलीही नाही. तरी महिन्यातून काही वेळा जांघेतून जावं लागतं, आणि त्या दिवशी त्या घाबरतात, कारण दाबायची सवय कुणाच्या बोटांना उरलेली नाही. मी त्यांना ते शिकवते. ज्याचं मूत्रपिंड कमजोर आहे त्याचा हात उद्या डायलिसिससाठी लागेल, म्हणून त्याच्या मनगटाला शक्यतो हात लावायचा नाही, हेही शिकवते.

बाई त्यानंतर सहा-सात वर्षं होत्या. त्या गेल्याचं मुलीने लॅबच्या फोनवर कळवलं. न्यूमोनिया झाला होता, हृदयाचा काही संबंध नव्हता, असं तिने मुद्दाम सांगितलं. सर तेव्हा आत काम करत होते. बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि विचारलं, "पुढचा पेशंट कोण?" मी फाइल दिली. खराडीच्या कुठल्याशा कंपनीतले गृहस्थ होते, खुर्चीवर बसून लॅपटॉपवर काहीतरी संपवत होते. मी त्यांना लॅपटॉप मिटायला सांगितलं आणि उजव्या हाताची मूठ आवळायला लावली.