पानाची मागची बाजू

आमच्या संस्थेचा एकपानी अर्ज मी तयार केला, असं सगळे समजतात. तो माझा नाही. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरी बायकोलासुद्धा नाही.

तो ज्या बाईंचा, त्यांच्या हातात कुठलाही कागद द्या, त्या आधी तो उलटा करून बघायच्या. मागची बाजू कोरी दिसली की चेहरा खुलायचा. "इकडं लई जागा हाय की," म्हणायच्या आणि पिशवीतून पेन काढायच्या. विजेचं बिल, कॅलेंडरचं पान, आमच्याच कार्यक्रमाची पत्रिका, सगळ्याच्या पाठीवर त्यांचं गोल, ठसठशीत अक्षर. ऑफिसात त्यांचं नावच पडलं होतं, पाठपोट बाई. तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, कागद वाया गेला की ज्याचा जीव हळहळतो.

त्या फुलंब्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या, निवृत्त झाल्या. दिवाळीच्या सुमारास गावातली धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात, म्हातारी मागं राहतात. अशा पंधरा-वीस जणांना बाई बुद्धविहाराच्या पडवीत एक वेळचं गरम जेवण घालायच्या, घरोघरचं पीठ-डाळ गोळा करून. त्या वर्षी अतिवृष्टीनं पिकं गेली आणि पीठ देणारी घरंच हात आखडू लागली. म्हणून त्या शहरात, गारखेड्यातल्या आमच्या ऑफिसात खेपा घालू लागल्या. आमची संस्था अशा कामांना निधी देते. आलेले अर्ज पहिल्या फेरीत तपासून समितीपुढे ठेवायचे, हे माझं काम.

तेव्हाचा अर्ज अठ्ठावीस पानी होता. उद्दिष्टं, फलनिष्पत्ती, जोखमींचा तक्ता. बाईंनी चष्मा लावून दोन-तीन पानं चाळली.

"भाऊ, ह्यात म्हाताऱ्यांचं कुठं लिव्हायचं?"

"लाभार्थी वर्गीकरण. पान नऊ."

"तिथं नुसते रकाने हायेत. कोणाला दात नाय, कोणाला दिसत नाय. त्यांना कोणत्या रकान्यात बसवू?"

"जमेल तसं भरा, मावशी."

"तुम्ही सोता भरलाय का कधी?" आणि स्वतःच हसल्या. मीही हसलो. भरला नव्हता.

आठ दिवसांनी अर्ज घेऊन आल्या. पुढच्या बाजूंवर नाव, गाव, फोन नंबर, बाकी रकाने मोकळे. शेवटच्या पानाच्या मागं मात्र काठोकाठ लिहिलेलं.

अर्ज स्कॅन करून समितीला पाठवायचे असत. ते काम शेखभाईंकडं. त्यांनी शेवटचं पान मला उलटं करून दाखवलं.

"साब, पीछे भी लिखा है मौसी ने. डालूँ क्या?"

"राहू द्या. समोरचंच घ्या."

नेमून दिलेल्या जागेबाहेरचं लिखाण धरायचं नाही, असा नियम होता. पण नियमाआड लपण्यात आता अर्थ नाही. ते मागचं पान मी आदल्या दिवशीच वाचलं होतं. वाचून मग 'राहू द्या' म्हणालो. ते पाठवलं असतं तर बैठकीत मला दोन शब्द बोलावे लागले असते, नियमाला अपवाद करा म्हणावं लागलं असतं. मला कंटाळा आला होता. एवढंच कारण. समितीपुढं मोकळे रकाने गेले आणि त्यावर माझ्याच हातचा शेरा, अपूर्ण.

नकाराचं पत्र घेऊन बाई परत आल्या. भांडायला नाही.

"नाय म्हणले, त्याचं काय नाय भाऊ. फकस्त कमी काय पडलं, तेवढं सांगा. सुधारून आणते."

"समितीचा निर्णय असतो, मावशी."

त्यांनी सवयीनं पत्र उलटं केलं, कोरी बाजू पाहिली. पेन काही काढलं नाही. पत्राची घडी केली आणि गेल्या.

पुढं विश्वस्तांच्याच लक्षात आलं की लहान गावांतले अर्ज पहिल्याच पायरीवर अडतात. ती पायरी सोपी करायची ठरली आणि मसुदा माझ्याकडं आला. मी बाईंची फाईल काढली. मागच्या पानावर त्यांनी ओळीनं लिहिलं होतं, ही माणसं कोण, त्यांना अवघड काय जातं, आज आम्ही काय करतो, कमी काय पडतं, आणि बघायला आलात तर कोणाला विचारायचं. मी त्याचे पाच प्रश्न केले. तक्ते-बिक्ते नंतर, आमच्या मदतीनं. विश्वस्त म्हणाले, "इतकं सोपं आजवर कोणाला कसं सुचलं नाही?" मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

नवा अर्ज छापून आल्यावर त्यातला एक घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. पडवीत चूल थंड. भिंतीला टेकून एक आजोबा बसले होते.

"बाई व्हय? लेकीकडं गेली, चितेगावला. घरचं घालून घालून दोन महिनं रेटलं तिनं. मंग गुडघेच बसले."

"मग तुमचं जेवण?"

"शेजारचे देतेत भाकर, ठिवून जातेत. रात झाली की मी अन् माझ्यासारखाच एकटा म्हातारा सखाराम, वाटून खायचो. सखाराम तर वारला आता." मग माझ्या हातातल्या कागदाकडं बघून म्हणाले, "तुम्ही काय इलेक्शनचे का?"

मी नाही म्हणालो आणि कागद खिशात घातला.

चितेगाव गारखेड्यापासून लांब नाही. बाईंचा नंबर माझ्याकडं आहे. अजून मी फोन केलेला नाही, गेलेलोही नाही. समितीनं त्यांचं म्हणणं नाकारलं नव्हतं. ते समितीपुढं गेलंच नाही, मी जाऊ दिलं नाही. हे त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या तोंडाकडं बघून सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो.