हिवरखेडच्या काकांचा युरोचा चेक

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण ते प्रकरण आठवलं की मला अजून हसू येतं, आणि थोडी लाजही वाटते.

मी तेव्हा अकोल्यात पोलीस निरीक्षक होतो. एका गुरुवारी दुपारी एका बँकेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. हिवरखेडचे एक सायकल दुरुस्त करणारे गृहस्थ तीनशे युरोचा चेक खात्यात भरायला आले होते. "परदेशातून बक्षीस मिळालं म्हणतात. मी खातं थांबवून ठेवलंय. तुम्ही बघता का?"

त्या दिवसांत बनावट परदेशी चेकच्या तक्रारी वाढल्या होत्या. टोळ्या साध्या माणसाचं खातं वापरायच्या आणि स्वतः नामानिराळ्या राहायच्या. मी गाडी पाठवून त्या गृहस्थांना ठाण्यात आणवलं.

काका साठी ओलांडलेले. इस्त्रीचा सदरा, नखांत मात्र ग्रीस. पिशवीत तीन वह्या आणि एक जुना रेडिओ. वह्यांत नुसते आकडे: तारीख, वेळ, पुढे ४५३४४, ३४३३३. आमचे हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, हा कोड हाय."

मी खुर्ची पुढे ओढली. "चेक कोणी दिला?"

"परदेशातल्या रेडिओवाल्यायनं."

"कशाबद्दल दिला?"

"तीस वर्सं त्याईचे कार्यक्रम ऐकून राहिलो, सायेब. आवाज साफ आला का, खरखर किती, अशा पाच गोष्टीयले पाचपैकी मार्क देतो अन् लिहून धाडतो. औंदा त्याईनं जुन्या श्रोत्यायची स्पर्धा ठेवली. माह्या वह्यायले नंबर भेटला."

दीड तास मी उलटसुलट विचारलं. साथीदार कोण, कमिशन किती, आधी कोणाला पैसे पाठवले का. उत्तर प्रत्येक वेळी तेच, तेवढंच. शेवटी काकांनीच विचारलं, "खातं कवा सुरू होईन? सोमवारी बायकोच्या डोयातल्या मोतीबिंदूचं आपरेशन हाय. सारे पैसे त्याच खात्यात हायेत."

"पुरावा काय तुमच्याकडे?"

"साडेपाचले रेडिओ लावू द्या. आज नावं वाचणार हायेत. चेकसंग आलेल्या चिठ्ठीत लिहेल हाय." चिठ्ठी मी पाहिली होती, पण तशा चिठ्ठ्या टोळ्याही छापत.

ठाण्यातल्या वायरलेसमुळे आत नुसती खरखर येत होती, म्हणून आम्ही अंगणात गेलो. काकांनी पिशवीतून तांब्याची तार काढली आणि हवालदारांना स्टुलावर चढवून ती लिंबाच्या फांदीला बांधायला लावली. "अजून वर घ्या, सायेब." हवालदारांनी मुकाट्याने वर घेतली. तोवर अर्धं ठाणं भोवती जमलं होतं.

साडेपाचला एका बाईंचा इंग्रजी आवाज लाटेसारखा वरखाली होत आला. चार देशांतली चार नावं झाली. पाचवं काकांचं. बाईंनी त्याचे तीन तुकडे केले आणि गावाचं 'हायवरकेड' केलं, पण शंका उरली नाही. महिला शिपायांनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. काका मात्र वही काढून लिहीत होते. मी वाकून पाहिलं. स्वतःचं नाव ऐकलेल्या त्या कार्यक्रमालाही त्यांनी आवाजाचे पाचपैकी तीनच मार्क दिले होते.

मी लगेच व्यवस्थापकांना फोन केला. कागदोपत्री खात्रीसाठी त्या रेडिओ केंद्राला ईमेलही पाठवला, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं आणि खातं खुलं झालं. सोमवारी ऑपरेशन नीट पार पडलं. चेक वसुलीसाठी परदेशी गेला आणि दीड महिन्याने, बँकेचे चार्जेस कापून, पैसे जमा झाले.

काकांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी तुमचं काम केलं. ठाण्यातला चहा मातर गोड होता."

नोकरीत मी पुष्कळ खोटारडे पाहिले. खोटं बोलणारा दर खेपेला आपली गोष्ट थोडी सुधारतो, नवा साक्षीदार आणतो, नवं कारण जोडतो. खरं बोलणाऱ्याकडे सुधारायला काही नसतं. तो तेच ते सांगत राहतो आणि आपण त्याला कंटाळतो. त्या दिवशी मी दीड तास कंटाळलो, आणि त्या कंटाळ्यालाच संशय समजलो. पुढे नव्या फौजदारांना मी एवढंच सांगत असे, की समोरच्याचं उत्तर तिसऱ्यांदा तसंच्या तसं आलं, तर आवाज चढवू नका. उठा, आणि तो म्हणतो ते स्वतः ऐकून या.