कावळा शिवलेली वायर

शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, पण घरातलं लाइटीचं काम कधी दुसऱ्याला करू दिलं नाही. माणूस बोलावणं म्हणजे आपल्याला येत नाही असं गावभर सांगणं.

जुना गोठा पाडला तेव्हा तिथला बल्ब काढला. पण घरातून गोठ्याकडं गेलेली वायर अंगणावरून तशीच राहिली. एक टोक भिंतीत, दुसरं पिशवी गुंडाळून पेरूच्या झाडाला बांधलेलं. तिचं बटन मी काढून मोटारीच्या खोलीत बसवलं. भिंतीत दोन टोकं उघडी राहिली. ती बरी दिसेनात, म्हणून एकमेकांत पिळली, दुधाची पिशवी गुंडाळली, भोकात कोंबली आणि वरून सिमेंट लावलं. बटनच नाही तर करंट येतो कुठून? वायर मेली, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

नवरात्राच्या आधी आमच्या मंडळीनं गोधड्या धुवायला काढल्या आणि नेमकी वाळवणाची दोरी तुटली. मी म्हणालो, "वायरीवर टाक की. रिकामीच हाय."

"जिवंत आसली तर?"

"मेली म्हनून सांगितलं ना."

"तुमी सांगितल्यानं मरती व्हय?"

तेवढ्यात एक कावळा वायरीवर बसला, चोच पुसली आणि उडून गेला.

"बघ," मी म्हणालो, "कावळा शिवला."

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याचं मागं काही राहिलं नाही, असं समजून आपण सगळे उठून घरी जातो. मग वायरीला वेगळा न्याय का?

पण ती ऐकेना. मग मीच गोधडी खांद्यावर घेतली. जुन्या लुगड्यांची, पाणी पिऊन रेडकासारखी जड झालेली. मंडळी वायरीपुढं आडवी उभी राहिली.

"सरक."

"न्हाई. आधी मला टाका वायरीवर, मग गोधडी."

आणि तिथूनच तिनं राहात्याच्या वायरमनला फोन लावला. "भाऊ, लगीच या. आमच्याकडं कावळा शिवला, तरी ह्यांचं समाधान व्हईना."

मी गोधडी खाली ठेवली नाही. ठेवली असती तर हरलो असतो. पाणी सदऱ्यातून धोतरात, धोतरातून पायताणात उतरत होतं.

वायरमन आला तो पडलेला चेहरा घेऊन. हात जोडून हळूच म्हणाला, "कोन गेलं, तात्या?"

"वायर," मंडळी म्हणाली.

त्यानं मला तिथून लांब उभं केलं. झाडाकडच्या टोकाची पिशवी सोडवून टेस्टर लावला. दिवा लागला.

"तात्या, ही तर ठणठणीत हाय."

"तुझा टेस्टर बिघाडलाय."

त्यानं फ्रिजच्या प्लगात लावून दाखवला. तिथंही लागला.

"कावळा बसला हुता तिच्यावर," मी म्हणालो.

"कावळा लाइटीच्या डांबावरच्या तारंवरबी बसतो. त्याचे पाय जमिनीला लागत न्हाईत. तुमचे लागत्यात, आन खांद्यावर हौद हाय."

त्यानं मेन बंद केला, पुन्हा टेस्टर लावून बघितला, मग सिमेंट फोडलं. माझा पीळ बघून म्हणाला, "बटनाच्या जागी टोकं जोडली म्हंजे बटन कायमचं दाबून ठिवलं, तात्या."

"ते ऱ्हाऊ दे. सांधा कसा हाय?"

"सांधा पक्का हाय."

हे मी त्याला मंडळीच्या देखत पुन्हा म्हणायला लावलं.

मग त्यानं वायर थेट बोर्डापासून सोडवली आणि सगळी ओढून काढली. "वापरायची नसली की पार मुळापासनं काढायची. मधीच टोक सोडायचं न्हाई." मी मान हलवली, जसं काही मीच त्याला शिकवलं होतं.

गोधडी पेरूच्या झाडावर वाळली, शेजारी माझं धोतर. वायरीचं वेटोळं भंगारवाल्यासाठी कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. संध्याकाळी मंडळी चुलीपासून म्हणाली, "अहो, कावळा शिवला बरं का तिला. आता मेली."

"मी आधीच सांगितलं हुतं," मी म्हणालो.