फक्कीची संख्यारेषा

जामखेडला अकरावीत बहुपदीचं चिन्ह आम्ही मैदानावर शिकलो. कबड्डीचं मैदान आखायची पांढरी फक्की उरली होती, तिची सरांनी लांबलचक संख्यारेषा मारली. बहुपदीची किंमत जिथे शून्य होते तिथे दगड, बाकी आकड्यांवर एकेक विद्यार्थी. आपला आकडा बहुपदीत घालायचा. किंमत धन आली तर उभं राहायचं, ऋण आली तर खाली बसायचं. कल्पना सरांचीच होती, पण तिच्यावर ते खूश आहेत असं त्यांच्या चेहऱ्यावरून कधी वाटलं नाही.

दोन-तीन बहुपदी झाल्यावर कुणी आकडे घालेना. दगड ओलांडला की चिन्ह उलटतं, एवढं सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. उजव्या टोकाचे उठायचे, त्यांच्या शेजारचे बसायचे, पुढचे पुन्हा उठायचे. डोकं कशाला शिणवायचं?

एके दिवशी माझे वडील कुंपणापाशी उभे होते. सहामाहीत माझं गणित बुडालं होतं, म्हणून सरांनीच त्यांना बोलावलं होतं. मला आर्ट्सला घालावं असं सरांचं मत, आणि वडील सरांच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. मला गणित येत नव्हतं, पण आवडत होतं. हे घरी सांगून कुणाला पटलं नसतं.

एसटी उशिरा आल्याने मला उरलेली जागा मिळाली, शून्याची. लिंबाला टेकवलेल्या फळ्यावर सरांनी लिहिलं: (x + ४)(x − १)²(x − ५). उणे चार, एक आणि पाचवर दगड ठेवले गेले. पाचच्या उजवीकडचे उठले, एक ते पाचमधले बसले, आणि एकच्या डावीकडचे, माझ्या शेजारचे सगळे ठरल्याप्रमाणे उठले. मी खाली बसले.

"अगं ऊठ की!" वडील कुंपणावरून ओरडले. "तुझ्या बाजूची समदी उठली, तू एकलीच काय बसलीस?"

वर्ग खो-खो हसला. सर माझ्यासमोर येऊन थांबले.

"ऋण येतंय, सर. उणे वीस."

त्यांनी फळ्याकडे पाहिलं. मग इतरांना म्हणाले, "बसा. एकच्या दगडाचा कंस बघा, वर्ग आहे. तिथे चिन्ह उलटत नाही." मला हे कारण ठाऊक नव्हतं. मला फक्त उणे वीस ठाऊक होतं.

तास संपल्यावर सर वडिलांना म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं करू."

वडिलांनी फक्कीच्या रेषेकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या तिला गनितातच," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत त्यांनी आमची तिकिटं काढली. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "मी बी वरडलो, समदी हसली. भ्या न्हाई वाटलं तुला?"

वाटलं होतं, मी म्हणाले. म्हणून तर पुन्हा एकदा शून्य घालून पाहिलं.